काच

पहाटे साडेचारला, दाभोळकर कॉर्नरला
एक सीट कमी भरत होती. चौदा नंबर.
वाट बघताना हात मोकळा नको म्हणून मोबाइल काढला
आणि दस्तगीरमामा काच पुसताना
बावीस सेकंद सापडले.

ओला पेपर, एक पाय बंपरवर,
ओठांत विझलेली बिडी
आणि हात असा फिरत होता
जसं तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ पुसावं.
वर एवढंच लिहिलं : निघण्याआधी.
चौदा नंबर धापा टाकत आला,
गाडी हलली, गगनबावड्याच्या अलीकडं रेंज गेली.

परत आलो तेव्हा
चार लाख माणसं त्या काचेपुढं उभी होती.

कुणी हात जोडलेले, कुणी लाल बदाम.
'कामावरची श्रद्धा बघा', नाशिकहून एकजण.
'माझे पप्पा असेच पुसायचे', पुढं काही नाही.
'काका ज्या गाडीवर असतील तिचीच दोन तिकिटं द्या.'
'नाद खुळा', 'नाद खुळा', 'नाद खुळा',
आणि इचलकरंजीचा एक : 'पेपर कुठला हाय?'

उत्तरं सगळ्यांना मीच देते.
म्हणजे 'आम्ही' देतो.
घरात मी आलो, गेलो, जेवलो म्हणणारी पोरगी,
पेजवर मात्र
आपल्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी असतो.

शिंत्रे सरांनी सगळ्यांना कोल्ड्रिंक मागवलं.
'युरोपच्या पॅकेजला अकरा लाईक.
त्यातले चार आपलेच.
ड्रोनवाल्याला तासाला तीन हजार मोजले मी,
आणि ह्या पुसण्याला...'
वाक्य तिथंच सोडून माझ्याकडं बघून म्हणाले,
'दर सोमवारी एक टाकत जा.'

सोमवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले.
बिडी नको, म्हणाले सर. थोडं हसा.
लोगो झाकू नका. डावीकडनं पुसा.
काच आधीच लख्ख होती,
म्हणून मी बाटलीतलं पाणी शिंपडलं.
सतरा वेळा पुसली त्यांनी.
सतराही वेळा हात काचेवरनं गेला,
काचेला लागला नाही.

'मामा, त्या दिवशीसारखं करा की.'
'त्या दिवशी काय केलतं मी?'

पेपर पिळत बसले जरा वेळ.
मग म्हणाले, 'आदल्या रात्री राधानगरीस्नं आलतो.
तुमची ती काजव्यांची ट्रिप.
आत लोकं वरडत हुती, मामा, लाईट बंद करा, लाईट बंद करा.
घाटात लाईट बंद करून चालतंय व्हय?
मग ते सगळे काचंवर यायला लागले.
पहाटं बघतो तर वायपरखाली
हिरवं-पिवळं, वाळल्यालं.
नुसत्या पाण्यानं जात न्हाई ते.
हळू पुसावं लागतंय.'

हे मी कुठंच लिहिलं नाही.
काजव्यांच्या ट्रिपची पोस्टही मीच करते :
चांदण्या जमिनीवर उतरतात, या बघायला.
शेवटी हिरवा बदाम.
शनिवारच्या दोन्ही गाड्या फुल्ल आहेत.

आता मामा काच दोनदा पुसतात.
एकदा पार्किंगमध्ये अंधारात, एकटे,
आणि एकदा कॉर्नरला, पुसलेलीच.
परवा एका बाईनं पोराला पुढं केलं,
'काका, ह्याला जरा पुसून दाखवा की.'
दाखवलं त्यांनी. हसलेसुद्धा.
शिकलेत आता.

काल रात्री इनबॉक्सात कुणीतरी विचारलं,
'हे खरंच असतं, की ठरवून करता?'

लिहिलं, पुसलं.
परत लिहिलं, परत पुसलं.
पलीकडं त्याला
हलणारी तीन टिंबं
बराच वेळ दिसत राहिली असतील.